छोट्या शस्त्रक्रियांच्या भुलीसाठी क्लासिक एलएमए, प्रोसील की आय-जेल?

तालुक्याच्या गावी स्वतंत्र व्यवसाय सुरू केलेल्या एका तरुण भूलतज्ज्ञाचा प्रश्न असा आहे: स्तनातील गाठ काढणे, हर्निया, हायड्रोसील, क्युरेटिंग, सिस्टोस्कोपी, निखळलेला सांधा बसवणे अशा पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या शस्त्रक्रियांना पूर्ण भूल द्यायची आहे, श्वासनलिकेत ट्यूब घालण्याची गरज वाटत नाही आणि मास्क हाताने धरून बसणेही नको आहे, अशा वेळी सुप्राग्लॉटिक साधनांपैकी (म्हणजे स्वरयंत्राच्या वर, घशात बसणाऱ्या श्वासाच्या साधनांपैकी) नेमके कोणते निवडावे? बॅग स्वतःची, खरेदी स्वतःच्या खिशातून, एका दिवसात तीन-चार नर्सिंग होम आणि कोठेही मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ नाही, ही परिस्थितीही त्यांनी प्रश्नातच सांगितली आहे, आणि ही साधने धुऊन पुन्हा वापरावीत का, हेही थोडे संकोचाने विचारले आहे. उत्तर देताना या परिस्थितीला मी साधनाच्या गुणधर्मांइतकेच महत्त्व देणार आहे, कारण मोठ्या रुग्णालयात जी निवड सुरक्षित ठरते ती एकट्याने काम करणाऱ्याच्या हातात तितकीच सुरक्षित राहते असे नाही.

निष्कर्ष आधी सांगतो. प्रौढ रुग्णांसाठी गॅस्ट्रिक चॅनेल (जठरातले द्रव बाहेर काढणारी वेगळी वाट) असलेले, म्हणजे दुसऱ्या पिढीचे साधन हीच आपली नेहमीची निवड असावी. एकच साधन घ्यायचे असेल तर आय-जेल घ्यावे, त्याच्या जोडीला प्रोसीलवर हात बसवून घ्यावा आणि क्लासिक एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे) ठरावीक कामांपुरतेच ठेवावे. मात्र या साधनांच्या आपापसांतील फरकापेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते. या रुग्णाला ट्यूबशिवाय भूल द्यावी की नाही, हा भूल देण्यापूर्वीचा निर्णय ही पहिली. आणि साधन आत गेल्यावर ते खरोखर जागेवर बसले आहे का, याची शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी केलेली पद्धतशीर तपासणी ही दुसरी. या दोन्ही गोष्टी नीट केल्या तर प्रोसील आणि आय-जेल यांच्यातील फरक छोट्या शस्त्रक्रियेपुरता फारसा जाणवत नाही. त्या केल्या नाहीत तर कोणतेही साधन आपला बचाव करत नाही.

डॉ. आर्ची ब्रेन यांनी लंडनमध्ये १९८१ साली लॅरिंजियल मास्कची कल्पना प्रत्यक्षात आणली, १९८३ मध्ये त्यावरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि १९८८ पासून तो ब्रिटनमध्ये विकत मिळू लागला. आज ज्याला आपण क्लासिक एलएमए म्हणतो ते हेच साधन होय. सिलिकॉनचा लंबगोल कफ घशाच्या तळाशी बसतो, त्याचे टोक अन्ननलिकेच्या मुखाशी टेकते, बाजू पायरिफॉर्म फॉसाकडे (स्वरयंत्राशेजारच्या खळग्यांकडे) आणि वरची कड जिभेच्या मुळाकडे राहते. स्वतः श्वास घेणाऱ्या, उपाशीपोटी आलेल्या, सडपातळ रुग्णासाठी ते उत्तम होते आणि आजही आहे. अडचण दोन ठिकाणी येते. त्याचा सील, म्हणजे हवा गळू न देणारी पकड, साधारण १८ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंतच टिकतो, त्यामुळे रुग्णाला हाताने किंवा व्हेंटिलेटरने श्वास देताना दाब थोडा वाढला की हवा तोंडातून गळते आणि काही हवा जठरात शिरते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जठरातले द्रव वर आले तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते कफच्या आतच साठते आणि तेथून थेट स्वरयंत्रात उतरते.

ब्रेन यांनीच २००० साली आणलेल्या प्रोसीलने या दोन्ही अडचणींवर उपाय केला. मोठा आणि मागच्या बाजूनेही फुगणारा कफ असल्यामुळे सील साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत गेला, आणि कफच्या टोकातून निघून तोंडाबाहेर येणारी वेगळी ड्रेन ट्यूब असल्यामुळे जठर आणि फुप्फुस यांच्या वाटा स्वतंत्र झाल्या. पुढे आलेल्या बहुतेक चांगल्या साधनांनी हीच कल्पना उचलली आहे. माहितीपत्रकांत सीलच्या आकड्यांवरच भर असतो, परंतु माझ्या मते त्यापेक्षा हे चॅनेल अधिक मोलाचे आहे. सीलमधील पाच-सात सेंटिमीटरचा फरक लहान शस्त्रक्रियेत क्वचितच निर्णायक ठरतो, तर वर आलेले द्रव नळीवाटे बाहेर पडताना वेळीच दिसणे हा एखाद्या रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असू शकतो.

हे म्हणण्याला भक्कम आधार आहे. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी २००८-०९ मध्ये वर्षभर तेथील सरकारी रुग्णालयांतील श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची नोंद केली आणि २०११ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘नॅप ४’ या नावाने आपण तो ओळखतो. तेथे वर्षाला सुमारे २९ लाख पूर्ण भुली दिल्या जात होत्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सुप्राग्लॉटिक साधनांवर होत्या. भुलीदरम्यान श्वासमार्गाच्या कारणाने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी जठरातले द्रव फुप्फुसात उतरणे, म्हणजे अ‍ॅस्पिरेशन होते. त्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पोट भरलेले असण्याची शक्यता आधीच कळण्यासारखी होती, तरीही ट्यूब न घालता पहिल्या पिढीचे साधन वापरले गेले. म्हणून त्या अहवालाने दुसऱ्या पिढीची साधने सर्वत्र उपलब्ध असावीत अशी शिफारस केली. आपल्याकडे ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ट्यूब घालणे फसल्यास सुटकेचा मार्ग म्हणून दुसऱ्या पिढीच्या साधनालाच पसंती दिली आहे.

आता रुग्णाच्या निवडीकडे वळतो आणि येथे थोडे थांबतो, कारण माझ्या मते खरी तुलना येथेच संपते किंवा सुरू होते. पाठ्यपुस्तकातील यादी आपल्याला ठाऊक आहे: भरलेले पोट, आतड्यांचा अडथळा, गरोदरपणाचे पुढचे महिने, लक्षणे देणारा हायटस हर्निया, अतिस्थूलता, ताठर फुप्फुसे, उघडत नसलेले तोंड. परंतु आपल्या भागात पोट भरलेले आहे की नाही, हे कागदावरून कळत नाही. ‘काही खाल्ले नाही ना?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. सकाळी सहा वाजता घेतलेला दुधाचा चहा आणि त्यात बुडवलेले बिस्कीट अनेकांच्या लेखी खाण्यात जमा होतच नाही. म्हणून मी प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारतो. सकाळी उठल्यापासून आतापर्यंत तोंडात काय काय गेले, चहा किती वाजता घेतला, गोळी कशाबरोबर घेतली, असे एकामागून एक विचारतो, आणि लहान मूल असेल तर आईबरोबरच आजीलाही विचारतो. पाण्यासारख्या स्वच्छ द्रवासाठी दोन तास, आईच्या दुधासाठी चार तास, हलक्या अन्नासाठी सहा तास आणि तेलकट जेवणासाठी आठ तास हे नियम आपण सर्वजण पाळतो, पण दुधाचा चहा स्वच्छ द्रवात मोडत नाही, हे नर्सिंग होमच्या कर्मचाऱ्यांनाही एकदा स्पष्ट सांगून ठेवावे लागते.

घड्याळाप्रमाणे उपाशी असूनही ज्यांचे जठर रिकामे नसते, असे रुग्ण आणखी फसवे असतात. हात मोडून वेदनेत आलेल्या रुग्णात उपवासाचे तास शस्त्रक्रियेच्या वेळेपासून मागे मोजून उपयोगाचे नसतात, कारण अपघाताच्या क्षणापासूनच पचन मंदावलेले असते. शेवटचे खाणे आणि अपघात यांत किती अंतर होते, हे पाहावे लागते. अनेक वर्षांच्या अनियंत्रित मधुमेहात जठराची हालचाल सुस्त होते. आणि आता यात सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड या औषधांची भर पडली आहे. वजन आणि साखर कमी करणारी ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. २०२३ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने आठवड्याचे इंजेक्शन शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर थांबवावे असा सल्ला दिला होता. २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनाने हा नियम सैल करून प्रत्येक रुग्णाची जोखीम वेगळी पाहायला सांगितले. आपण निदान हे औषध चालू आहे का, एवढे तरी आवर्जून विचारावे, कारण वजन कमी करण्यासाठी ते घेणारे रुग्ण ‘काही औषधे चालू नाहीत’ असे मनापासून सांगतात. नर्सिंग होममध्ये सोनोग्राफीचे यंत्र हाताशी असेल आणि त्याचे प्रशिक्षण व रीतसर परवानगी असेल तर जठराचा अँट्रम (खालचा भाग) पाहणे शिकून घ्यावे; शंकेच्या जागी त्याने पुष्कळ उलगडा होतो.

आपल्या मुलखाचा दुसरा प्रश्न तोंडाचा आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, परंतु सुपारी, तंबाखू, खर्रा आणि मावा यांचे व्यसन कमी झाले असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही, आणि सबम्युकस फायब्रोसिसमुळे (तोंडाचे आतले अस्तर ताठर होण्यामुळे) जेमतेम दीड-दोन बोटे तोंड उघडणारे तरुण रुग्ण आपल्याला नित्य दिसतात. प्रत्येक रुग्णाला तोंड पूर्ण उघडायला लावून पुढच्या दातांमधील अंतर पाहिल्याशिवाय साधनाचा विचारच करू नये. अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर सुप्राग्लॉटिक साधन हा मूळ बेत तर नसावाच, पण त्यावर सुटकेची भिस्तही ठेवू नये. आय-जेलची जाड मान अशा तोंडातून जात नाही आणि प्रोसीलचा मऊ कफ आत जाऊन दुमडतो. असा रुग्ण शस्त्रक्रिया कितीही छोटी असली तरी स्थानिक किंवा स्पायनल भुलीचा, नाहीतर जागेपणीच्या फायबरऑप्टिक इन्ट्युबेशनचा (लवचीक दुर्बिणीने पाहून ट्यूब घालण्याचा) आहे आणि त्यासाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात कोणताही कमीपणा नाही.

‘डॉक्टर, पंधरा मिनिटांचेच काम आहे,’ असे सर्जन सांगतात तेव्हा ते बहुधा खरेच असते. तथापि गाठ अपेक्षेपेक्षा खोल निघते, हर्नियात आतडे चिकटलेले सापडते आणि पंधरा मिनिटांचा तास होतो. म्हणून निवड करताना शस्त्रक्रियेच्या जाहीर वेळेऐवजी तिच्या सर्वांत वाईट शक्यतेचा विचार करावा, आणि मधेच ट्यूब घालावी लागली तर त्या स्थितीत ती घालता येईल का, हे आधीच पाहावे. पालथा रुग्ण किंवा डोके ड्रेपखाली झाकलेला रुग्ण असेल तर माझ्या लेखी एकट्या भूलतज्ज्ञाने सुरुवातीलाच ट्यूब घालणे योग्य आहे.

साधनांपैकी आय-जेल प्रथम घेतो. डॉ. मुहम्मद नासिर यांनी विकसित केलेले आणि २००७ पासून उपलब्ध असलेले हे साधन जेलसारख्या मऊ थर्मोप्लास्टिकचे आहे. त्याला फुगवण्याचा कफ नाही. त्यामुळे कफमधील दाब मोजणे, सिरिंज शोधणे, पायलट बलून फुटणे हे सगळे प्रश्नच मिटतात. घालायला ते सोपे आहे, काही सेकंदांत बसते, बाइट ब्लॉक त्यातच आहे, आणि सील साधारण २४ ते २८ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत मिळतो. घातल्याघातल्या थोडी गळती ऐकू आली आणि श्वास पुरेसा जात असेल तर दोन-चार मिनिटे धीर धरावा. पुष्कळदा साधन जागेवर रुळल्यावर ती कमी होते. ३० ते ६० किलोला ३ नंबर, ५० ते ९० किलोला ४ नंबर आणि त्यापुढे ५ नंबर, अशी वजनांची कोष्टके एकमेकांत मिसळतात. आपल्याकडील ५० ते ६० किलोच्या, ठेंगण्या बांध्याच्या स्त्रियांना मी ३ नंबरनेच सुरुवात करतो, तर दात नसलेल्या, सैल गालांच्या वृद्धांमध्ये एक नंबर मोठा घेतलेला बरा पडतो. मर्यादा एवढीच की आकार ठरीव असल्यामुळे तो बसला नाही तर हवा कमी-जास्त करून सुधारणा करता येत नाही. साधनच बदलावे लागते. आणखी एक गुण मोलाचा आहे: ४ नंबरच्या आय-जेलमधून ७ नंबरची ट्यूब जाते, त्यामुळे फायबरऑप्टिक स्कोप उपलब्ध असल्यास त्यातूनच इन्ट्युबेशन करता येते. आंधळेपणाने ट्यूब सरकवण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

प्रोसील हे माझ्या दृष्टीने सर्वांत समर्थ साधन आहे, पण ते शिकावे लागते. कफ मऊ आणि मोठा असल्यामुळे तो घशाच्या मागच्या भिंतीशी अडकून टोकापाशी दुमडतो, आणि हाच त्याचा नेहमीचा दोष आहे. बोटाने किंवा धातूच्या इंट्रोड्यूसरने टाळूला घट्ट लावून नेल्यास बहुतेक वेळा काम होते. अडलेच तर लॅरिंगोस्कोपने पाहून मऊ बूजी (वाट दाखवणारी लवचीक काडी) अन्ननलिकेत ठेवावी आणि ड्रेन ट्यूब तिच्यावर ओवून साधन सरकवावे. ही पद्धत क्वचितच फसते. सिलिकॉनचे असल्यामुळे प्रोसील आणि क्लासिक ही दोन्ही साधने उत्पादकाच्या सूचनेनुसार ४० वेळा वापरता येतात आणि स्वतःच्या खर्चाने बॅग भरणाऱ्यासाठी हा हिशोब क्षुल्लक नाही.

सुप्रीम हे २००७ मध्ये आलेले एकदाच वापरायचे साधन प्रोसीलचे चॅनेल आणि वळणदार कडक नळी एकत्र आणते. बसते चटकन, पण पीव्हीसीचे असून महाग पडते. ऑरागेन त्याच धर्तीचे असून त्यातून ट्यूबही घालता येते. बास्का मास्कमध्ये श्वासाच्या दाबाबरोबर कफ आपोआप फुलतो, ही कल्पना सुंदर आहे, परंतु तालुक्याच्या ठिकाणी त्याचा नियमित पुरवठा मिळणे अवघड आहे आणि जे साधन हमखास मिळत नाही त्यावर हात बसवणे व्यवहार्य नाही. क्लासिकची वायर असलेली लवचीक आवृत्ती तिरळेपणा, कानाच्या किंवा चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेसाठी जरूर ठेवावी. तेथे नळी सर्जनच्या वाटेतून बाजूला वळवता येते आणि आय-जेलची ताठ नळी अडचण करते.

घालण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात. फेंटानिल एक ते दीड मायक्रोग्रॅम प्रतिकिलो देऊन दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मग प्रोपोफॉल दोन ते अडीच मिलिग्रॅम प्रतिकिलो द्यावे. वृद्धांत मात्रा बरीच कमी आणि सावकाश. पापणीचा प्रतिसाद गेला म्हणजे खोली पुरेशी झाली असे नाही. जबडा दोन्ही बाजूंनी जोराने पुढे उचलल्यावर रुग्ण हलला नाही, तरच साधन हाती घ्यावे. घाईने घातलेल्या साधनावर येणारा खोकला, उचकी आणि लॅरिंगोस्पॅझम (स्वरयंत्र घट्ट मिटणे) याला साधनाचा दोष समजणे चूक आहे. केटामिन किंवा थायोपेन्टोनवर हे काम प्रोपोफॉलइतके सुरळीत होत नाही. पाण्यात विरघळणारी जेली साधनाच्या मागच्या बाजूला लावावी, श्वास जाण्याच्या छिद्रात नको; लिग्नोकेन जेली टाळावी, कारण तिने घशाचे संरक्षक प्रतिक्षेप परत यायला उशीर लागतो.

यानंतरची तपासणी मी कधीही वगळत नाही आणि तिचा क्रमही बदलत नाही. प्रथम कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख: लाट चौकोनी आणि प्रत्येक श्वासाला सारखी हवी. ज्या नर्सिंग होममध्ये कॅप्नोग्राफ नाही तेथे स्वतःचा लहान मॉनिटर घेऊन जावा. वर सांगितलेल्या सर्व साधनांपेक्षा ही खरेदी आधी करावी, असे मी ठामपणे सांगेन. मग सील: ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला तीन लिटर ठेवून एपीएल वाल्व (जादा दाब बाहेर सोडणारी झडप) बंद करावा, मॅनोमीटरचा काटा चढताना तोंडाशी कान द्यावा आणि ज्या दाबाला काटा स्थिरावतो व गळतीचा आवाज येतो तो दाब लिहून ठेवावा, ४० च्या पुढे जाऊ देऊ नये आणि वाल्व लगेच उघडावा. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. ड्रेन ट्यूबच्या बाहेरच्या तोंडावर जेलीचा छोटा थेंब बसवावा. श्वास देताना तो थेंब फुग्यासारखा उडाला तर साधनाचे टोक अन्ननलिकेच्या मुखापर्यंत पोहोचलेले नाही, वायू त्या वाटेने निसटत आहे आणि साधन आणखी आत सरकवायला हवे. थेंब स्थिर राहिला आणि छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेत बोटाने हलके टिचकी मारल्यावर तो किंचित हलला, तर टोक योग्य जागी आहे. शेवटी रायल्स ट्यूब (जठरात उतरवायची बारीक नळी): ३ आणि ४ नंबरच्या आय-जेलमधून १२ फ्रेंचची, प्रोसीलमधून १६ फ्रेंचची. ती जेली लावून अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. सील उत्तम, कॅप्नोग्राफ सुरेख, पण रायल्स ट्यूब जात नाही, असे घडले तर समाधान मानू नये. टोक मागे दुमडलेले आहे, ड्रेन ट्यूब बंद आहे आणि ज्या गुणासाठी हे साधन निवडले तोच गुण त्या क्षणी उरलेला नाही. साधन काढून पुन्हा घालावे. दोन प्रयत्नांत न बसल्यास नंबर किंवा साधन बदलावे आणि तरीही न बसल्यास ट्यूब घालावी. म्हणूनच लॅरिंगोस्कोप, योग्य मापाची ट्यूब, चालू सक्शन आणि सिरिंजमध्ये भरलेले सक्सामेथोनियम (स्नायू झटकन सैल करणारे औषध) समोर असल्याशिवाय प्रोपोफॉलची सिरिंज हातात घेऊ नये.

कफ असलेल्या साधनांत कफचा दाब ६० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाता कामा नये. क्लासिकच्या ४ नंबरसाठी सांगितलेले ३० मिलिलिटर ही कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायचीच, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रत्यक्षात साधारण निम्म्या हवेत सील मिळतो. नायट्रस ऑक्साइड सिलिकॉनमधून कफमध्ये झिरपतो आणि दाब हळूहळू वाढत जातो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेतही एकदा तपासून हवा कमी करावी. जास्त दाबाने फक्त घसा दुखतो असे नाही. लिंग्वल, हायपोग्लॉसल आणि रिकरंट लॅरिंजियल नर्व्हना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आय-जेलला कफ नसला तरी मोठा नंबर दडपून बसवल्यास जिभेवर दाब येतोच.

रुग्णाला श्वास स्वतः घेऊ द्यावा की आपण द्यावा, हा प्रश्न सीलच्या नोंदीवर सोडवावा. व्हेंटिलेटरवर ठेवायचे असल्यास टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) सहा ते आठ मिलिलिटर प्रतिकिलो आणि सर्वोच्च दाब २० च्या आत, तोही मोजलेल्या सीलपेक्षा कमी असावा. प्रेशर कंट्रोल मोड असल्यास उत्तम. लॅपरोस्कोपी प्रोसीलवर सुरक्षितपणे करणारे अनुभवी हात मी पाहिले आहेत आणि त्याविषयीचे प्रकाशित कामही चांगले आहे. तरीही मदतनीस नसलेल्या ठिकाणी, फुगवलेले पोट आणि डोके खाली केलेले टेबल असताना, मी आपल्याला ट्यूबचाच सल्ला देईन. तेथे ट्यूब टाळून जे मिळते ते थोडे आहे आणि जे पणाला लागते ते फार आहे.

मुलांच्या बाबतीत सुप्राग्लॉटिक साधनाचा एक मोठा फायदा आहे: नुकतीच सर्दी होऊन गेलेल्या मुलात ट्यूबपेक्षा त्याने श्वासमार्ग कमी चिडतो. ताप, पिवळा-हिरवा शेंबूड किंवा छातीत आवाज असेल तर मात्र दोन आठवडे पुढे ढकलणे हेच उत्तर आहे. आय-जेल २ नंबर १० ते २५ किलोला, दीड नंबर ५ ते १२ किलोला बसते. १ नंबरला गॅस्ट्रिक चॅनेल नाही, हे लक्षात ठेवावे. लहान मुलांत हे साधन हळूहळू वर सरकते, विशेषतः सुंता किंवा हर्नियासाठी कॉडल ब्लॉक (माकडहाडापाशी दिलेली बधिरता) देताना कुशीवर वळवल्यावर, म्हणून ते एका गालाच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत पट्टीने घट्ट बांधावे आणि प्रत्येक हालचालीनंतर कॅप्नोग्राफ पुन्हा पाहावा. पाच किलोखालील बाळाला एकट्याने काम करताना मी ट्यूबच घालतो.

साधन काढताना प्रौढ रुग्ण पूर्ण जागा होऊन सांगितल्यावर तोंड उघडेपर्यंत थांबावे. तोवर सक्शन, हाका मारणे, गालावर थापट्या यांतील काहीही करू नये. कफची हवा आधी काढू नये. थोडी हवा राहिली की वर साठलेली लाळ साधनाबरोबरच बाहेर येते. क्लासिक वापरताना दातांमध्ये गॉझचा गुंडाळा शेवटपर्यंत हवा, कारण अर्धवट जागा झालेला तगडा तरुण नळी चावून बंद करतो आणि बंद नळीविरुद्ध जोराने श्वास ओढल्याने फुप्फुसात पाणी होऊ शकते. तसे घडू लागल्यास कफची हवा लगेच काढावी, म्हणजे बाजूने श्वास जाऊ लागतो.

राहिला पुनर्वापराचा प्रश्न, जो आपण थोडा संकोचाने विचारला आहे. क्लासिक आणि प्रोसील वापरानंतर लगेच सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात धुवावेत, ब्रशने नळ्या आतून साफ कराव्यात, कफमधील सगळी हवा काढावी आणि १३४ अंशांवर ऑटोक्लेव्ह करावेत. ग्लुटराल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवण्याची जी सर्रास पद्धत आहे ती सिलिकॉनसाठी उत्पादकाने स्पष्टपणे वर्ज्य सांगितली आहे. ते द्रव पदार्थात मुरते आणि पुढच्या रुग्णाच्या घशाला भाजते. प्रत्येक साधनाबरोबर येणाऱ्या कार्डावर वापराची खूण करावी. आय-जेल आणि सुप्रीम एकदाच वापरण्यासाठी आहेत. ते धुऊन पुन्हा वापरू नयेत आणि त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या बिलात वेगळी दाखवण्याविषयी नर्सिंग होमच्या मालकांशी सुरुवातीलाच बोलून घ्यावे. हे बोलणे अवघड वाटते, पण एकदा ठरले की पुढे वाद होत नाही. पहिल्या खरेदीत आय-जेल ३ आणि ४ नंबरची प्रत्येकी चार-पाच, ५ नंबरची दोन, मुलांची दीड, दोन आणि अडीच नंबरची प्रत्येकी दोन, प्रोसील ३ आणि ४ नंबरचे प्रत्येकी एक, लवचीक एलएमए ३ नंबरचा एक, एक कफ प्रेशर गेज, एक बूजी आणि १०, १२ व १६ फ्रेंचच्या रायल्स ट्यूब एवढे घेतले तर आपण सांगितलेल्या सर्व शस्त्रक्रियांची सोय होते.